भाकड म्हैस आणि उभा बेस

वाचकाचं पत्र:

"काका, मी खानापूर तालुक्यातला. वय सव्वीस. दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर असतो आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. हळद, गणपती, वाढदिवस, मिळेल ते. गेल्या वर्षापासून महिन्यातनं दोनदा मडगावजवळच्या एका हॉटेलात पियानो आणि ड्रमवाल्याबरोबर जॅझ वाजवायला जातो. पियानोवाला म्हणाला, उभा डबल बेस घे, ते व्हायोलिनसारखं पण माणसाएवढं वाद्य, मग तुला कायम ठेवतो. दीड लाख साठवलेत. तीन पर्याय दिसतायत. पहिला ऑनलाइन: नवा कोरा, 'ऑल सॉलिड वुड', चकचकीत, गज आणि कव्हरसकट एक लाख दहा हजार. दुसरा मडगावात एका घरी पडून असलेला जुना प्लायवुडचा. मालक वारले, त्यांच्या पत्नी सत्तर हजार म्हणतात. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पडलेली आहे, दोन तारा नाहीत. तिसरा इलेक्ट्रिक अपराइट, म्हणजे पोट नसलेला उभा बेस, नुसती दांडी, ब्याऐंशी हजार. पियानोवाला म्हणतो प्लायवुड म्हणजे कपाट, घ्यायचा तर सॉलिडच घे. वडील म्हणतात एवढ्यात दोन म्हशी येतील. काय करू?"

काका म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागनं. मडगावचा बेस बघून ये, आणि त्याची मान शाबूत असेल तर तोच घे. जाताना वडिलांना बरोबर ने. चेष्टा करत नाही. म्हैस घेताना ते काय करतात ते आठव. फोटो बघून पैसे पाठवत नाहीत. कास बघतात, दात बघतात, चार पावलं चालवतात, दोन वेळचं दूध समोर काढून घेतात. बेसही तसाच घ्यायचा असतो. आणि मडगावचा तो बेस म्हणजे भाकड म्हैस आहे. आज दूध देत नाही, म्हणून हाडापेराकडं बघून अंदाज बांधायचा आणि किंमत भाकडीची द्यायची, दुभतीची नाही. हा व्यवहार तुझ्यापेक्षा वडिलांना चांगला जमेल.

आता कपाटाचं बघू. डबल बेस तीन तऱ्हेनं बनतो. पहिल्या तऱ्हेत जाड फळी घेऊन ती गोल पटाशीनं कोरत जातात, कडेला पातळ, मध्ये जाड, वर फुगीर. पुढची फळी, म्हणजे तबली, स्प्रूसच्या लाकडाची, पाठ आणि बाजू मेपलच्या. हा कोरीव बेस. दुसऱ्या तऱ्हेत लाकडाचे पातळ थर आडवे-उभे एकावर एक चिकटवून साच्यात दाबतात. हा प्लायवुडचा. तिसऱ्यात तबली अखंड लाकडाची आणि बाकी अंग प्लायवुडचं, त्याला हायब्रिड म्हणतात. शिकागोच्या के कंपनीनं १९३७ पासून प्लायवुडचे बेस काढले. शाळांनी, डान्स बँडवाल्यांनी, गावोगाव फिरणाऱ्या वादकांनी ते बडवून बडवून वाजवले आणि त्यातले कितीतरी अजून वाजतायत. तुझ्या पियानोवाल्याला हेही सांग, की त्याच्या पियानोच्या खुंट्या ज्या फळीत घट्ट बसलेल्या असतात ती फळीसुद्धा बहुतेक वेळा थर चिकटवूनच केलेली असते. खुंटी तिथं सैल पडू नये म्हणूनच.

त्याचं अगदी खोटं आहे असं नाही. चांगला कोरीव बेस गजानं वाजवला की जो आवाज येतो तो प्लायवुडमधनं येत नाही. एका स्वरात खाली एक घुमारा, वर एक कडा, मध्ये आणखी काहीतरी, असं सगळं एकदम ऐकू येतं. प्लायवुडवर गज फिरवला तर वाद्य थोडं नाकात बोलतं. तू पाश्चात्त्य सिंफनीत बसणार असतास तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं. खरं तू वाजवणार हॉटेलात, ड्रमच्या शेजारी, बोटांनी. तिथं हवा असतो डग्ग्यावरच्या थापेसारखा धम्म आवाज, जो पटकन उठतो आणि पुढच्या ठोक्याला जागा करून देतो. प्लायवुड हे फार छान करतं. शिवाय अँप्लिफायर लावला की कोरीव बेसची पातळ तबली समोरच्या स्पीकरचा आवाज ऐकून स्वतःच हूंऽऽ करायला लागते. प्लायवुड त्या मानानं थंड डोक्याचं.

पण माझं खरं कारण आवाजाचं नाहीच, हवेचं आहे.

तुमच्याकडचा पावसाळा तुला मी सांगायला नको. जूनपासून भिंतींना घाम, मिठाला पाणी, कपाटातल्या चपलेवर पांढरी बुरशी. तबला तर आवळून आवळून हात दुखतो. लाकूड त्या चार महिन्यांत पाणी पितं आणि फुगतं. फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं, लांबीत जवळजवळ नाहीच. मग मार्च-एप्रिल येतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या सुपाऱ्या सुरू होतात, वाद्य गाडीत तापतं, आणि तेच लाकूड आक्रसतं. तबलीच्या कडा बाजूंना चिकटलेल्या असतात, त्यामुळं तिला आक्रसायला जागा नसते. ती मधेच फाटते. लोकांना वाटतं पावसानं वाद्य जातं. पाऊस फक्त तयारी करतो, घात एप्रिल करतो. प्लायवुडमध्ये एका थराच्या रेषा उभ्या, तर त्याखालच्या थराच्या आडव्या. एक फुगायला निघाला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून ते इतकं हलत नाही आणि फाटत तर क्वचितच.

हे मी शिकलो ते पैसे मोजून. माझा पहिला बेस सॉलिड होता. एका मोठ्या शहरातल्या दुकानातनं आणला, दुकानाचं नाव घेत नाही. पहिला पावसाळा बरा गेला. एप्रिलमधली रात्र, बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर, पंखा चालू, आणि फट् करून आवाज झाला. वाटलं गल्लीत कुणीतरी फटाका वाजवला. सकाळी बघतो तर ई, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या बाजूला घोडीपासून खाली हातभर चीर. नखानं चाचपली तर नख आत गेलं. दुकानाला फोन केला. ते म्हणाले, हवामानाची जबाबदारी आमची नाही.

बेस घेऊन मिरजेला गेलो, पॅसेंजरच्या गार्डाच्या डब्यातनं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्या कारागिराकडं गेलो त्यानं डबल बेस जन्मात हातात घेतला नव्हता. त्यानं आधी काहीच विचारलं नाही. बेस आडवा ठेवला, कान तबलीजवळ नेला आणि मधल्या बोटाच्या पेरानं कडेकडेनं ठोकत गेला, टक टक टक. एका जागी आवाज बदलला, टक्‌च्या जागी किंचित झर्र. तिथं खडूनं खूण केली. पुन्हा पुढं. अशा पाच खुणा झाल्या. मग पातळ सुरी घेतली, सांध्यात घातली, पात्यावर गरम पाण्याचे चार थेंब सोडले आणि मनगट हळूच वळवलं. सांधा कटकट करत सुटत गेला, सुपारी फोडल्यासारखा. मी डोळे मिटून घेतले होते. अर्ध्या तासात आख्खी तबली त्याच्या मांडीवर. आतल्या बाजूनं लाकडावर बोट फिरवून म्हणाला, "हिरवं लाकूड आहे हो. आम्ही भोपळासुद्धा इतका ओला घेत नाही." चिरेत गरम सरस, म्हणजे जनावराच्या कातडीचा गोंद, भरला, आतनं आडव्या लाकडी टिकल्या बसवल्या आणि दहा दिवसांनी या म्हणाला.

सांधा सरसानं जोडलेला होता म्हणून तो सुटला. व्हायोलिनच्या घराण्यातल्या वाद्यांना सरस वापरतात तो याचसाठी. ताण आला तर आधी सांधा सुटावा, लाकूड फाटू नये. सुटलेला सांधा पुन्हा चिकटवता येतो. बाजारातल्या पांढऱ्या किंवा दोन नळ्यांच्या गोंदानं कुणी 'पक्कं' करून दिलं असेल तर पुढच्या वेळी तबलीच फाटते. मडगावच्या बेसवर असा चकचकीत गोंद कडेनं ओघळलेला दिसला तर किंमत आणखी पाडायला हरकत नाही.

आता ऑनलाइनचा. एक लाख दहा हजारात कोरीव बेस, वर गज, वर कव्हर. हिशेब कर. वर्षानुवर्षं मुरवलेलं स्प्रूस, आठवडे चाललेलं हातकाम, सहा फुटाची पेटी, समुद्रापलीकडनं वाहतूक, कर, आणि विकणाऱ्याचा नफा. यातलं काहीतरी गाळल्याशिवाय तो भाव बसत नाही, आणि जे गाळतात ते दिसत नाही. 'सॉलिड' हा शब्द खोटा नसतो. फक्त ती फळी कोरलेली नसून वाफेवर दाबून वाकवलेली असू शकते, किंवा मिरजेच्या भाषेत हिरवी. फिंगरबोर्डला, म्हणजे तारा बोटांनी जिच्यावर दाबतात त्या पट्टीला, एबनीचं काळं टणक लाकूड लागतं; त्याच्याऐवजी कुठलंतरी मऊ लाकूड काळं रंगवून लावतात, मग सहा महिन्यांत स्टीलच्या तारा त्यात चर पाडतात. तारा कुंपणाला शोभतील अशा. आणि परत पाठवायचं म्हटलं तर? कुरिअरवाला ती पेटी एकदा खानापुरात उतरवून गेला की पुन्हा फोन उचलणार नाही.

हातात चार लाख असते तर मी तुला नवा हायब्रिड घे म्हटलं असतं. ईस्टमन, शेन ही चीनमध्ये बनणारी नावं आहेत, पण चिनी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बेसच्या बाबतीत त्यांनी कामानं नाव कमावलंय. मुंबई-गोव्याकडची मोठी वाद्यदुकानं ऑर्डर घेऊन असं काही मागवून देतात का ते पुढंमागं विचार. आज नको.

इलेक्ट्रिक अपराइटबद्दल मला आकस नाही. बेळगावात भाड्याच्या खोलीत राहत असतास आणि दहा वाजता मालक दारावर थाप मारत असता तर तोच घे म्हणालो असतो. पेटी लहान, पावसाचं भय कमी, हळदीच्या मांडवात ढोल-ताशाच्या शेजारीही आवाज फुटत नाही. पण हॉटेलातल्या छोट्या खोलीत त्याचा आवाज स्पीकरमधनं येतो, माणसाच्या अंगाशेजारनं येत नाही. आणि खरं सांगू, पियानोवाल्याला अर्धा आवाज हवाय आणि अर्धं जॅझला साजेसं चित्र. गिऱ्हाइकांना कोपऱ्यात ते मोठं पोटाचं वाद्य उभं दिसलं पाहिजे. नुसत्या दांडीनं ते काम होत नाही.

तर मडगाव. गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत आणि हॉटेलांच्या बँडांत होते. निवृत्त होऊन गावी परतताना वाद्यही बरोबर आलं. मडगावच्या आसपास, साष्टी तालुक्यातल्या घरांत असा एखादा बेस कोपऱ्यात उभा असतो तो त्यामुळं. ज्या वाद्यानं कुणाचं तरी आयुष्यभर पोट भरलंय त्यात काहीतरी दम असणार, एवढं गृहीत धरायला हरकत नाही. त्यापुढचं डोळ्यांनी बघ.

बरोबर टॉर्च, मोजपट्टी, पांढरं फडकं आणि पाण्याची बाटली घे. आधी मान बघ. मान अंगाला जिथं मिळते तिथं, मागच्या टाचेपाशी, केसाएवढी फट आहे का, कधी तुटून जोडलीय का. वडिलांना अंग घट्ट धरायला सांग आणि तू वरचं टोक हलकेच पुढंमागं कर. काही हललं, कुरकुरलं, तर नमस्कार करून निघून ये. बाकी सगळं दुरुस्त होतं, पण मानेचं काम वाद्याच्या किमतीएवढं जातं. मग त्याच टाचेच्या खळगीत डाव्या हाताचा अंगठा ठेव आणि पहिलं बोट 'जी' (G), म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर सहज जिथं पडतं तो स्वर मोज. चांगल्या बेसवर तिथं डी येतो किंवा ई फ्लॅट. त्याच जागेवरनं अंधारात वरचे स्वर सापडतात. दुसराच काही स्वर आला तर मान बसवताना चूक झालीय किंवा कुणीतरी नंतर हलवलीय.

दांडीच्या वरच्या खाचेपासून घोडीच्या जागेपर्यंत माप घे. ती जागा म्हणजे तबलीवरच्या एफ आकाराच्या दोन्ही भोकांना आतल्या बाजूला बारीक खाचा असतात, त्यांच्या रेषेत. एक्केचाळीस-बेचाळीस इंच भरलं की झालं. याला थ्री-फोर्थ साइज म्हणतात, आणि नाव ऐकून लहान मुलांचा समजू नको, जगातले बहुतेक मोठे लोक तोच वाजवतात. तुझी बेस गिटार चौतीस इंची असेल, म्हणजे अंतर केवढं वाढतं बघ. तिच्यावर चार बोटांखाली चार पडदे येतात. इथं खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढंच चालतं, तिसरं चौथ्याला टेकू देतं. तारा त्याच, ई-ए-डी-जी, पण हात नवा. पहिले दोन महिने कुणाकडंतरी बसून शीक, नाहीतर मनगट जाईल.

फडकं ओलं करून फिंगरबोर्डवर जोरात घास. काळं आलं तर लाकूड रंगवलेलं आहे. नुसता तपकिरी मळ आला तर बरं. मग डोळा वरच्या टोकाला लावून बंदुकीचा नेम धरतात तसं फिंगरबोर्डच्या लांबीवर बघ. मध्ये किंचित खोलगट असायला हवं, फुगवटा नको. फुगवटा असेल तर तिथं तार खरखरते. चर पडले असतील तर तेवढ्यासाठी घाबरू नको, एबनी असेल तर रंधून सारखं करता येतं.

मिरजेच्या माणसासारखं कडेनं ठोकत जा. झर्र आवाज आला तर सांधा सुटलाय. एकदोन जागा चालतील. तबली घोडीच्या जागी आत दबलीय का ते बाजूनं, डोळा पातळीत आणून बघ. आणि बेस हळूच कलता केल्यावर आत लाकडाचा तुकडा गडगडला तर दचकू नको. ती साउंडपोस्ट आहे, झाडूच्या दांड्याएवढी जाड गोल काठी. ती कुठंही चिकटवलेली नसते. तबली आणि पाठ यांच्यामध्ये नुसत्या दाबावर उभी असते, घोडीच्या जी-बाजूच्या पायाच्या किंचित खाली. घोडी पडली म्हणजे बहुतेक तीही पडली. इटालियन आणि फ्रेंच भाषेत तिला चक्क 'आत्मा' म्हणतात. वाद्याचा आवाज अर्धा तिच्यावर, आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या सरकण्यानं तो ओळखू न येण्याइतका बदलतो. म्हणून एक गोष्ट अजिबात करू नको: तिथल्या तिथं उत्साहानं घोडी उभी करून उरलेल्या दोन तारा ताणू नको. चार स्टीलच्या तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो. आत आत्मा नसताना घोडीनं तबली दाबली तर ती खचते.

मग ऐकायचा कसा? ऐकता येणार नाही. म्हणून तर भाकड म्हटलं. कोरीव बेस मी कुणाला न ऐकता घेऊ देणार नाही. प्लायवुडचं तसं नाही. त्याचा बराचसा आवाज घोडी, साउंडपोस्ट आणि तारा यांतनं घडतो, आणि ते तिन्ही तू नवीनच करणार आहेस.

माझा अंदाज असा. सत्तर सांगतायत, पंचावन्नला व्यवहार व्हावा. पण त्या बाईंना फसवल्यासारखं करू नको. घोडी, तारा, साउंडपोस्ट, सगळ्याचा खर्च कागदावर मांडून दाखव आणि मग आकडा सांग. घोडी घेशील ती दोन्ही पायांत फिरत्या चकत्या असलेली. त्या चकत्यांनी तारांची उंची कमीजास्त करता येते, आणि आपल्याकडं त्या चैनीच्या नाहीत, गरजेच्या आहेत. जुलैत तबली फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि रात्रभर वाजवून बोटांना फोड येतात. मार्चमध्ये उलटं, तारा खाली बसून खरखरतात. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी 'जी' तार पाच-सहा मिलिमीटर आणि 'ई' तार आठ-नऊ मिलिमीटर उंच असावी. चकत्या फिरवण्याआधी तारा जरा सैल कर. घोडी, साउंडपोस्ट आणि फिंगरबोर्डचं रंधकाम यांना पंधरा-वीस हजार धर. चांगल्या स्टीलच्या तारांचा संच बारापासून वीस हजारांपर्यंत. हो, नुसत्या तारा. पण त्या वर्षानुवर्षं टिकतात, गिटारसारख्या महिन्याला बदलायच्या नसतात. तुझ्यासारख्यानं सुरुवातीला कमी ताणाचा संच घ्यावा. बदलताना एकेक तार काढायची, चारही एकदम काढल्या की आतली काठी आडवी झालीच म्हणून समज.

घोडीत बसणारा पिकअप, म्हणजे तारांची थरथर अँप्लिफायरकडं पोचवणारा छोटा सेन्सर, दहा-पंधरा हजारांत येतो. तो थेट तुझ्या बेस गिटारच्या अँप्लिफायरला लावलास तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येईल. पिकअपचा दोष नसतो, मध्ये प्रीअँप नावाची एक छोटी पेटी लागते, जिच्या इनपुटचा विद्युत रोध निदान एक मेगाओहम असेल. इतकं सगळं करून हातात निदान वीसएक हजार उरावेत. ते कव्हरला आणि पहिल्या वर्षात जे काही सुटेल त्याला.

काम कुणाकडनं करून घ्यायचं? सुटलेले सांधे, चीर, पॉलिश यासाठी मिरज. पण घोडीचे पाय तबलीच्या फुगवट्याला घासून बसवणं आणि साउंडपोस्ट कापणं हे व्हायोलिन-चेलोवर हात बसलेल्याचंच काम. तंबोऱ्याची जवारी लावणारा कितीही कसबी असला तरी त्याची घोडी आडवी सपाट, ही उभी कमानदार. गोव्यात चर्चमधल्या जुन्या व्हायोलिनवाल्यांना विचार, दुरुस्ती कोण करतं ते त्यांना माहीत असतं. बेस खानापूरला आणण्याआधी तिकडंच तयार करून घेतलास तर एक फेरी वाचेल.

आणताना बसचा विचार सोड. मी एकदा प्रयत्न केलाय. कंडक्टर उतरून आला, "एन्री इदु?" म्हणाला, पिशवीवर थाप मारली आणि आतनं धम्म आवाज आल्यावर दोन पावलं मागं सरला. शेवटी लगेजचं तिकीट माझ्या तिकिटाहून महाग निघालं. ओळखीच्या कुणाची पिकअप गाडी घे, आत गादी टाक, बेस कुशीवर झोपव, घोडीच्या बाजूवर कधीच नाही. मोले-अनमोडच्या रस्त्यानं सावकाश ये. आणि हे सगळं मे संपायच्या आत उरक.

घरी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नको, चुलीच्या खोलीत तर नकोच. पाचशे रुपयांचं आर्द्रतामापक मिळतं, ते शेजारी टांग. प्लायवुड सोसेल, पण आकडा नव्वदच्या पुढं आठवडाभर राहिला तर खोलीत साठ वॅटचा जुना बल्ब लावून ठेव, आमची आजी पापडाच्या डब्यांसाठी लावायची तसा.

मडगावच्या त्या घरातनं निघण्याआधी बाईंना गजाबद्दल विचार. बेस कोपऱ्यात दिसतो म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहतो, गज कुणाला आठवत नाही. कपाटाच्या माथ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली एखादी लांबट पेटी असेल. उघडल्यावर केस किड्यांनी खाल्लेले दिसतील, नुसती काडी आणि लोंबणारे चार धागे. तरी घेऊन ये. घोड्याचे केस नवीन लावून मिळतात.